विश्लेषण : एका खेळाडूसाठी तीन वर्षांचे भवितव्य गहाण टाकावे का? अमेरिकी फुटबॉलमधील ‘ड्राफ्ट’चे गणित काय सांगते?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) दर वर्षी एप्रिलमध्ये होणारा ‘ड्राफ्ट’ हा एखाद्या अंतिम सामन्याइतकाच गाजतो. तीन दिवस चालणाऱ्या या सोहळ्यात ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून आपले उद्याचे तारे निवडतात. त्यातही एखादा संघ हवा तो खेळाडू मिळवण्यासाठी पुढच्या दोन-तीन वर्षांचे निवडीचे हक्क दुसऱ्या संघाला देऊन टाकतो, तेव्हा त्याच्या धाडसाचे कौतुक होते. मात्र गेल्या साडेतीन दशकांचा हिशेब मांडला तर अशा धाडसाने संघ उभे राहण्यापेक्षा खचल्याचीच उदाहरणे अधिक ठळक दिसतात. चांगला खेळाडू ओळखणे ही ड्राफ्टमधली अर्धीच लढाई असते. आपला अंदाज चुकू शकतो हे मान्य करून आखणी करणे, ही उरलेली अर्धी लढाई बहुतेक संघ हरतात.

‘ड्राफ्ट’ म्हणजे नेमके काय?

येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूने, शिरस्त्राण घालून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. या खेळात युरोपातील फुटबॉल क्लबांसारख्या स्वतःच्या अकादमी नसतात. खेळाडू घडवण्याचे काम महाविद्यालये करतात. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झालेला खेळाडू ड्राफ्टसाठी पात्र ठरतो. ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक संघाला एक याप्रमाणे मूळ २२४ हक्क असतात. करार संपल्यामुळे चांगले खेळाडू गमावलेल्या संघांना भरपाई म्हणून काही जादा हक्कही दिले जातात.

आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिली निवड करता येते आणि विजेत्याचा क्रमांक शेवटी लागतो. आयपीएलच्या लिलावात ज्याची बोली मोठी त्याला खेळाडू मिळतो, इथे ज्याचा क्रमांक आधी त्याला मिळतो. खेळाडूला मात्र संघ निवडण्याची मुभा नसते. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा भारतीय खेळाडूंच्या वाटपासाठी ड्राफ्टचाच आधार घेण्यात आला होता. एनएफएलमध्ये ही पद्धत १९३६ पासून आहे. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे तत्कालीन मालक बर्ट बेल यांनी ती सुचवली. श्रीमंत संघांनीच सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, हा त्यामागचा हेतू. पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिला क्रमांक म्हणजे यशाची हमी नव्हे, हे ड्राफ्टने पहिल्याच वर्षी दाखवून दिले होते.

या हक्कांना एवढी किंमत का?

याचे उत्तर पैशात आहे. एनएफएलमध्ये १९९४ पासून खेळाडूंच्या मानधनावर कमाल मर्यादा आहे. २०२५ च्या हंगामासाठी ती प्रत्येक संघाला २७.९२ कोटी डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी ५३ खेळाडूंचा संघ त्याला याच चौकटीत बसवावा लागतो. एका खेळाडूला जास्त दिले की दुसऱ्याला कमी देणे आले. नामांकित क्वार्टरबॅकचे, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, वार्षिक मानधन आता पाच कोटी डॉलरच्या पुढे गेले आहे. डॅलस काउबॉइज संघाने २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉटशी केलेला करार वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलरचा आहे.

ड्राफ्टमधून आलेल्या नवख्या खेळाडूचे मानधन मात्र त्याच्या क्रमांकानुसार ठरलेले असते आणि करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी राखण्याचा पर्यायही संघाकडे असतो. २०२४ मध्ये अगदी पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या केलेब विल्यम्सचा करार चार वर्षांसाठी सुमारे ३.९५ कोटी डॉलरचा, म्हणजे वर्षाला एक कोटीहूनही कमी आहे. म्हणजेच ड्राफ्टमध्ये उत्तम क्वार्टरबॅक सापडला, तर संघाला दर वर्षी चार-पाच कोटी डॉलर बाकीच्या खेळाडूंवर खर्च करता येतात.

सिअ‍ॅटल सीहॉक्सने हेच केले. २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर त्यांनी रसेल विल्सनला घेतले. बचाव फळीतले रिचर्ड शेरमन आणि कॅम चॅन्सलर हे दोघे तर त्याआधी पाचव्या फेरीत मिळालेले होते. स्वस्तात मिळालेल्या या खेळाडूंमुळे वाचलेला पैसा इतरत्र वापरता आला आणि २०१३ च्या हंगामात सिअ‍ॅटलने ‘सुपर बोल’ जिंकला. ड्राफ्टमधले खरे धन असे अपेक्षित कामगिरी आणि मोजलेली किंमत यांतल्या फरकात असते. गुणवान खेळाडूसाठी अवाच्या सवा किंमत मोजली की हा फरक संपतो.

एवढी तयारी करूनही अंदाज का चुकतात?

तयारीत खरोखरच कसूर नसते. संघांचे निरीक्षक वर्षभर महाविद्यालयांचे सामने पाहतात, चित्रफिती तपासतात, मुलाखती घेतात. इंडियानापोलिस येथे होणाऱ्या ‘कम्बाइन’ या चाचणी शिबिरात खेळाडूची उंची, वजन, उडी, ताकद सगळे मोजले जाते. ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव तर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवली जाते. २०१७ मध्ये जॉन रॉसने ती ४.२२ सेकंदांत पूर्ण करून तेव्हाचा विक्रम मोडला. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले, मात्र त्याची कारकीर्द कधी बहरलीच नाही. धावण्याचा वेग घड्याळ मोजते, पण अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूंसमोर दोन सेकंदांत अचूक निर्णय घेण्याची क्षमता मोजणारे घड्याळ अजून कोणाला सापडलेले नाही.

१९९८ मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांच्यापैकी पहिला कोण, यावर जाणकारांत खरोखर वाद होता. मॅनिंग पहिल्या क्रमांकावर इंडियानापोलिसकडे गेला आणि पुढे पाच वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसऱ्या क्रमांकावरच्या लीफच्या वाट्याला संपूर्ण कारकीर्दीत अवघे चार विजय आले. याच्या उलट, २००० मध्ये सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकापर्यंत थांबावे लागलेल्या टॉम ब्रॅडीने सात सुपर बोल जिंकले. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या दूरदृष्टीचे गोडवे यासाठी गायले जातात, पण ब्रॅडी असा होणार हे त्यांना ठाऊक असते तर त्यांनीही सहाव्या फेरीची वाट पाहिली नसती.

अर्थशास्त्राचे नोबेल पुढे २०१७ मध्ये मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षांच्या ड्राफ्टच्या आधारे अभ्यास केला. ‘द लूझर्स कर्स’ या नावाने तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती, हे त्यांनी तपासले. उत्तर आले : नाणेफेकीपेक्षा किंचित जास्त. संघ मात्र अगदी वरच्या क्रमांकांसाठी अशी किंमत मोजत होते, जणू त्यांना भविष्य स्वच्छ दिसते आहे. निवडकर्त्यांना काही कळत नाही असा याचा अर्थ नाही. पहिल्या फेरीतले खेळाडू सरासरीने पाचव्या फेरीतल्यांपेक्षा चांगलेच निघतात. अडचण त्यांना वाटणाऱ्या अवाजवी खात्रीची आहे.

वर सरकण्याची किंमत किती?

संघांना आपले हक्क एकमेकांशी अदलाबदल करता येतात. त्यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना डॅलस काउबॉइजने एक तक्ता तयार केला होता. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, सोळाव्याला १००० आणि बत्तिसाव्याला ५९० गुण होते. म्हणजे एका पहिल्या क्रमांकासाठी मधले तीन हक्क द्यायचे. हा तक्ता पुढे लीगभर पसरला आणि सौद्यांचा पाया बनला. खुद्द डॅलसचा फायदा मात्र समोरच्याच्या घाईतून झाला होता. १९८९ मध्ये त्यांनी हर्शेल वॉकर हा आपला सर्वांत मोठा खेळाडू मिनेसोटा व्हायकिंग्जला देऊन बदल्यात अनेक खेळाडू आणि हक्क मिळवले. त्या हंगामात डॅलसने १६ पैकी केवळ एक सामना जिंकला. पुढे १९९२, १९९३ आणि १९९५ च्या हंगामांत त्याच संघाने सुपर बोल जिंकले. वॉकरच्या सौद्यातून आलेले हक्क वापरून मिळवलेल्यांपैकी एक खेळाडू होता एमिट स्मिथ. चेंडू घेऊन सर्वाधिक यार्ड धावण्याचा एनएफएलमधला विक्रम त्याच्या नावावर आहे.

दहा वर्षांनी न्यू ऑर्लीन्स सेंट्सने याच्या नेमके उलट केले. १९९९ मध्ये रिकी विल्यम्स या एका खेळाडूसाठी प्रशिक्षक माइक डिटका यांनी त्या वर्षीचे आपले सगळे हक्क आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या व तिसऱ्या फेरीचे हक्कही वॉशिंग्टनला दिले. संघाने त्या हंगामात तीन सामने जिंकले, १३ गमावले आणि डिटका यांना जावे लागले. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. पण एकट्या खेळाडूने भरून निघेल असे खिंडार त्या संघात नव्हते.

ताजे उदाहरण कॅरोलिना पँथर्सचे. २०२३ मध्ये नवव्या क्रमांकावरून पहिल्यावर येण्यासाठी त्यांनी शिकागो बेअर्सला त्या वर्षीचे नववा आणि ६१ वा असे दोन हक्क, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा आणि वर डी. जे. मूर हा आपला आघाडीचा खेळाडू दिला. त्यातून क्वार्टरबॅक ब्राइस यंग आला. पण त्याने फेकलेला चेंडू झेलण्यासाठी जो हवा होता, तो मूर शिकागोला गेला होता. कॅरोलिनाने १७ पैकी दोनच सामने जिंकले. लीगमध्ये तळाला गेल्यामुळे त्यांचा २०२४ चा हक्क पहिल्या क्रमांकाचा ठरला, आणि तो शिकागोकडे होता! शिकागोने त्यावर केलेब विल्यम्सला घेतले. भविष्यातला हक्क देताना ‘आपण पुढच्या वर्षी चांगले खेळू, तेव्हा तो खालचाच क्रमांक असेल’ असे प्रत्येक संघ गृहीत धरतो. ते गृहीतक फसले की दुहेरी फटका बसतो, तो असा.

एकाच संघाची दोन टोके

नियोजन आणि नशीब यांची सरमिसळ पाहायची तर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्ससारखे दुसरे उदाहरण नाही. २०२१ मध्ये या संघाने बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येण्यासाठी बाराव्या हक्कासह पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे आणि एक तिसऱ्या फेरीचा हक्क मायामी डॉल्फिन्सला दिला. त्या जागी घेतलेला क्वार्टरबॅक ट्रे लान्स सॅन फ्रान्सिस्कोसाठी केवळ चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. दुखापतीही आड आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये एका चौथ्या फेरीच्या हक्काच्या बदल्यात त्याला डॅलसकडे धाडण्यात आले.

तोवर त्याच संघाने २०२२ च्या ड्राफ्टमधील अगदी शेवटच्या, २६२ व्या हक्कावर ब्रॉक पर्डीला घेतले होते. शेवटच्या खेळाडूला तिथे गमतीने ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे ‘बिनमहत्त्वाचे महाशय’ म्हणतात. चार वर्षांसाठी सुमारे ३७ लाख डॉलर एवढाच करार असलेल्या या महाशयांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत नेले. तो सामना त्यांनी गमावला, पण २०२५ मध्ये पर्डीला पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. लान्सचा सौदा एवढा फसूनही संघ कोसळला नाही, कारण त्याच्या भोवतीचे खेळाडू भक्कम होते आणि शेवटचा हक्कही वाया घालवला गेला नव्हता. मात्र पर्डीची निवड ही दूरदृष्टी होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तोवरच्या प्रत्येक फेरीत सॅन फ्रान्सिस्कोसह सर्वच संघांनी त्याला डावलले होते.

वॉशिंग्टननेही २०१२ मध्ये हाच धडा गिरवला होता. दुसऱ्या क्रमांकावर रॉबर्ट ग्रिफिनला घेण्यासाठी त्यांनी सेंट लुइस रॅम्सला पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. ग्रिफिनने पहिला हंगाम गाजवला, मग गुडघ्याच्या दुखापतीने त्याला ग्रासले. २०१५ मध्ये त्याची जागा कर्क कझिन्सने घेतली. त्याला वॉशिंग्टनने त्याच २०१२ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत घेतले होते! डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स वॉशिंग्टनविरुद्ध खेळायला आले, तेव्हा नाणेफेकीसाठी त्यांनी सहा कर्णधार पाठवले. हे सहाही खेळाडू ग्रिफिनच्या सौद्यातून आलेल्या हक्कांवर मिळवलेले होते. सामना रॅम्सने २४-० असा जिंकला.

मग वर सरकूच नये का?

असा सरसकट नियम करणेही चूक ठरेल. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने २७ व्या क्रमांकावरून दहाव्यावर येण्यासाठी बफेलो बिल्सला त्या वर्षीच्या पहिल्या व तिसऱ्या फेरीचे आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क दिला. त्यांनी घेतलेला खेळाडू होता पॅट्रिक माहोम्स. पुढच्या सात हंगामांत त्याने संघाला तीन सुपर बोल जिंकून दिले. त्याच ड्राफ्टमध्ये शिकागोने तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर, म्हणजे केवळ एक पायरी वर येण्यासाठी तीन जादा हक्क मोजले आणि महाविद्यालयीन स्तरावर सुरुवातीपासून अवघे १३ सामने खेळलेल्या मिचेल ट्रुबिस्कीला घेतले. चार हंगामांनंतर तो संघात उरला नाही.

दोन्ही संघांनी क्वार्टरबॅकसाठीच उडी मारली, मग फरक कुठे पडला? माहोम्सची अचूक पारख झाली हे खरेच. पण कॅन्सस सिटी आदल्या हंगामात १६ पैकी १२ सामने जिंकलेला संघ होता. त्यांच्याकडे अ‍ॅलेक्स स्मिथसारखा अनुभवी क्वार्टरबॅक होता, त्यामुळे माहोम्सला पहिल्या हंगामात एकच सामना सुरुवातीपासून खेळवून बाकी काळ शिकू देता आले. अँडी रीड यांच्यासारखा क्वार्टरबॅक घडवणारा प्रशिक्षक होता. संघ चांगला असल्याने पुढच्या वर्षीचा दिलेला हक्कही खालचाच निघणार, ही शक्यता मोठी होती. म्हणजे निवड फसली असती तरी संघ तरला असता. कमकुवत संघाने हाच जुगार खेळला तर नवखा खेळाडू पहिल्याच दिवशी मैदानात ढकलला जातो, त्याच्यासमोरची संरक्षक फळी तकलादू असते आणि ती सुधारण्यासाठी लागणारे हक्क आधीच देऊन झालेले असतात.

त्यामुळे वर सरकण्याला समर्थन मिळू शकते ते जवळपास एकाच जागेसाठी, क्वार्टरबॅकसाठी. या एका जागेचा सामन्यावरचा प्रभाव आणि बाजारातील किंमत इतर सर्व जागांहून खूप मोठी आहे. तेही बाकीचा संघ तयार असेल तरच. घराचा पाया घालण्यापूर्वी घुमटासाठी कर्ज काढू नये, एवढे साधे हे तत्त्व आहे.

आधी गरज पाहावी की गुणवत्ता?

दर ड्राफ्टपूर्वी प्रसारमाध्यमे प्रत्येक संघाच्या ‘गरजांची यादी’ छापतात. आजची रिकामी जागा भरणे हे ड्राफ्टचे काम, असा समज त्यातून रुजतो. प्रत्यक्षात ड्राफ्टमधला खेळाडू पूर्ण बहरायला अनेकदा दोन-तीन वर्षे लागतात. तोवर संघाची आजची गरज उरलेलीही नसते.

१९९६ मध्ये क्लीव्हलँडहून स्थलांतरित झालेल्या बाल्टिमोर रेव्हन्सचा पहिलाच ड्राफ्ट होता. चेंडू घेऊन धावणारा लॉरेन्स फिलिप्स घ्यावा, असा आग्रह होता. आक्रमण फळीतील लेफ्ट टॅकलची जागा तर भरलेलीच होती. तरीही ऑझी न्यूसम यांनी आपल्या यादीत सर्वांत वर असलेल्या जोनाथन ऑग्डेन या टॅकललाच चौथ्या क्रमांकावर निवडले आणि पहिले वर्ष त्याला दुसऱ्या जागी खेळवले. पुढे २६ व्या क्रमांकावर रे लुइस आला. दोघेही आज ‘हॉल ऑफ फेम’मध्ये आहेत, तर फिलिप्सची कारकीर्द काही वर्षांतच विझली. ग्रीन बे पॅकर्सने २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह संघात असताना २४ व्या क्रमांकावर आरोन रॉजर्सला घेतले आणि तीन वर्षे राखीव ठेवले. २०१० च्या हंगामात त्याच रॉजर्सने सुपर बोल जिंकून दिला. फिलाडेल्फियाने २०२० मध्ये कार्सन वेन्ट्झशी मोठा करार झालेला असतानाही दुसऱ्या फेरीत जेलन हर्ट्सला घेतले, तेव्हा चाहत्यांनी डोक्याला हात लावला होता. फेब्रुवारी २०२५ मधील सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू हर्ट्सच ठरला.

गरजेकडे डोळेझाक करावी, असा याचा अर्थ नाही. दोन खेळाडू तुल्यबळ वाटत असतील तर ज्याची गरज आहे तोच घ्यावा. पण गरज भागवायची ती शक्यतो ड्राफ्टच्या आधी, करारमुक्त खेळाडूंमधून. चार साधारण पण विश्वासू खेळाडू घेऊन रिकाम्या जागा तात्पुरत्या झाकल्या, की ड्राफ्टच्या दिवशी घायकुतीला यावे लागत नाही. भुकेल्या पोटी बाजारात गेले की नको ते चढ्या भावाने घेतले जाते, तसेच हे आहे.

नुसते हक्क जमवले की झाले?

तसेही नाही. क्लीव्हलँड ब्राऊन्सने २०१६ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचा हक्क फिलाडेल्फियाला देऊन बदल्यात ढीगभर हक्क जमवले आणि त्या ड्राफ्टमध्ये तब्बल १४ खेळाडू निवडले. पुढच्या दोन हंगामांत ३२ पैकी एकच सामना ते जिंकले. २०१७ च्या हंगामात तर एकही नाही. नाणेफेकीच्या कर्णधारांवरून वॉशिंग्टनला खिजवणारा रॅम्सचा संघही २०१४ मध्ये सहा विजय आणि १० पराभवांवरच थांबला. जास्त हक्क म्हणजे जास्त संधी. संधीचे सोने करायला खेळाडू घडवणारे प्रशिक्षक, स्थिर डावपेच आणि नवख्यांना आधार देणारे अनुभवी सहकारी लागतात. चौदा नवखे एकदम मैदानात उतरवले तर ते एकमेकांकडून शिकणार तरी काय?

दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला गेलेल्या रॅम्सने २०१७ ते २०२३ या सात ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही, तरी २०२१ च्या हंगामाचा सुपर बोल जिंकला. ‘हक्कांना किंमत नसते’ असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला, पण तो अपुरा आहे. त्यांनी आपले हक्क मॅथ्यू स्टॅफर्डसारख्या सिद्ध झालेल्या खेळाडूंवर खर्च केले आणि खालच्या फेऱ्यांत मात्र काटेकोर पारख ठेवली. त्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू कूपर कप २०१७ मध्ये तिसऱ्या फेरीत मिळालेला होता. २०२३ मध्ये पाचव्या फेरीत आलेल्या पुका नाकुआने पहिल्याच हंगामात १०५ झेल घेऊन नवख्यांचा विक्रम केला.

स्टॅफर्डच्या बदल्यात डेट्रॉइट लायन्सला क्वार्टरबॅक जेरेड गॉफ, पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक हक्क मिळाला. २०२१ मध्ये तीनच सामने जिंकलेल्या या संघाने घाई केली नाही. रॅम्सकडून आलेला सहावा हक्क २०२३ मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सला देऊन ते बाराव्या क्रमांकावर उतरले आणि त्या सौद्यात ३४ वा हक्क मिळवला. बाराव्यावर जमीर गिब्ज आणि ३४ व्यावर सॅम लपोर्टा असे दोन खेळाडू आले. जाणकारांनी तेव्हा नाके मुरडली. त्याच हंगामात डेट्रॉइटने ३० वर्षांनंतर गटविजेतेपद मिळवले आणि पुढच्या हंगामात १७ पैकी १५ सामने जिंकले. स्टॅफर्डच्या सौद्यातून रॅम्स आणि लायन्स दोघांचेही भले झाले, कारण आपण वाटचालीच्या कोणत्या टप्प्यावर आहोत याचे भान दोघांनाही होते.

तेच ते पुन्हा का घडते?

हे सारे आकडे प्रत्येक संघाकडे आहेत. जवळपास सर्व संघांत आता आकडेतज्ज्ञही नेमलेले असतात. तरी जुगार थांबत नाही, कारण निर्णय घेणाऱ्याचे हित आणि संघाचे हित एक नसते. दोन हंगामांत यश न मिळाल्यास नोकरी जाणार असलेल्या महाव्यवस्थापकाला तीन वर्षांनंतरच्या हक्काची काय मातब्बरी? तो हक्क वापरायला तो तिथे नसणार. थेलर आणि मॅसी यांच्या पाहणीतही भविष्यातल्या हक्काची किंमत संघ इतकी कमी लावत होते, की यंदाच्या दुसऱ्या फेरीच्या हक्कासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क दिला जात होता. एका वर्षाच्या उसनवारीवर शंभर टक्क्यांहून अधिक व्याज कोणी सावकारही लावणार नाही.

२०११ मध्ये नवख्यांच्या मानधनावर निर्बंध आल्यानंतर परिस्थिती थोडी बदलली. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता आणि त्यातले पाच कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी मिळाले. त्यामुळे चुकलेल्या पहिल्या निवडीचा आर्थिक भार हलका झाला. पण वर सरकण्यासाठी हक्क उधळण्याचा मोह उलट वाढला, कारण आता नवखा तारा स्वस्त पडतो. अवाजवी खात्री मात्र कोणत्याही करारनाम्याने कमी झालेली नाही.

इलाज मालकांच्या हातात आहे. भविष्यातले हक्क विकण्याचा अधिकार महाव्यवस्थापकाला द्यायचा असेल, तर त्या भविष्यापर्यंत त्याची नोकरीही टिकेल अशी हमी द्यावी. नाहीतर दोन वर्षांपुढचा हक्क मालकाच्या संमतीविना विकता येणार नाही, अशी आडकाठी ठेवावी. प्रत्येक निवडीआधी संघाने आपला अंदाज लिहून ठेवावा आणि पाच वर्षांनी तो उघडून पाहावा. ब्रॅडी किंवा पर्डी सापडल्यावर आपल्याला आधीच माहीत होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. लिहून ठेवलेला कागद तसे सांगू देत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या क्रमांकासाठी तीन वर्षांचे हक्क मागणारा दूरध्वनी येईल, तेव्हा तळाच्या संघाने तो हक्क विकणारा व्हावे, विकत घेणारा नव्हे. टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या संघाला मिळतील, खेळाडू मात्र पुढची तीन वर्षे आपल्याकडे येत राहतील.